काळी चार, उणे चौदा

मुलाखत माझी, आणि प्रश्नही मीच काढायचे. शुक्रवारी वाद्यविक्रेत्यांच्या त्रैमासिकाच्या संपादिकेचा फोन आला. चुणचुणीत मुलगी आहे, पण कामाची टाळाटाळ इतक्या गोड आवाजात करते की समोरच्याला आपलाच मान वाढल्यासारखं वाटतं.

"काका, पुढच्या अंकात तुमची मुलाखत घेतेय. पण मला कीबोर्डमधलं ओ की ठो कळत नाही. तर दहा प्रश्न तुम्हीच काढून पाठवा ना. सोमवारी सकाळपर्यंत. उत्तरं मग फोनवर निवांत घेईन."

"अगं, म्हणजे पेपर मीच काढायचा आणि मीच सोडवायचा?"

"तपासणार मी!" असं म्हणून ती हसली आणि फोन ठेवून मोकळी झाली.

मी कीबोर्ड आणि सिंथेसायझर दाखवणारा माणूस आहे. विकणारा नव्हे, दाखवणारा. कंपनीचं नवं वाद्य गाडीत घालायचं, या गावाहून त्या गावी न्यायचं, दुकानात स्टँडवर मांडायचं आणि वाजवून दाखवायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. दुकानदार मला डेमोकाका म्हणतात. सव्वीस वर्षांत मी दुकानात एकही गाणं पूर्ण वाजवलेलं नाही. नव्वद सेकंद झाले की थांबायचं. पूर्ण ऐकवलं तर गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, अर्ध्यावर सोडलं तर वाद्य घेऊन जातं.

तर रविवारी सकाळी आंघोळ उरकून मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. टेबल चौघांचं आहे. तीन खुर्च्यांवर अनुक्रमे इस्त्रीचे कपडे, वायरींची पिशवी आणि जुनी वर्तमानपत्रं बसतात. चौथीवर मी.

पहिला प्रश्न लिहिला: 'आपण या क्षेत्रात कसे आलात?' आणि लगेच खोडला. हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, तोवर त्याला पेन शोधायचं असतं. पण दहा भरायचे होते, म्हणून पुन्हा लिहिला.

दुसरा: 'चांगल्या डेमोचं गुपित काय?' हा बरा होता. याचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. गिऱ्हाईकाला असाच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत आहे. बाप दुकानात शिरतो, बोलतो माझ्याशी, पण नजर मुलीकडे असते. मग विचारायचं, "घरात वाजवणारं कोण आहे?" बाप फुलतो. त्याला वाटतं, याने आपल्याला विचारलं. खरं म्हणजे विचारायचं काही नसतंच, त्याने ते स्वतःच्या तोंडाने म्हणावं एवढंच हवं असतं.

तिसरा: 'घरी सराव किती करता?' करतो की. रोज दीड तास, कानाला हेडफोन लावून. शेजाऱ्यांना त्रास नको. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा जिन्यात भेटल्या. "काका, विचारू का? तुम्ही रोज संध्याकाळी काय कुटता?" म्हणाल्या. हेडफोन लावल्यावर बाहेर सूर येत नाहीत, नुसत्या पट्ट्या आपटल्याचा आवाज येतो. त्या बाईंनी माझा गेल्या तीन वर्षांतला सगळा सराव ऐकलाय, म्हणजे कुटणं ऐकलंय. मी म्हणालो, "सुपारी." उगाच कशाला समजावत बसा. त्यावर त्या "दातांना जपा हो," म्हणून खाली गेल्या. मी हसत हसत वर आलो आणि दार लावल्यावर लक्षात आलं की हे कोणाला सांगावं असं घरात कोणी नाही.

ही असती तर पोट धरून हसली असती. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

चौथा प्रश्न माझ्या हातून आपोआपच लिहिला गेला: 'दिवस संपल्यावर शेवटचं काम कोणतं?'

तो लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी वाद्य कोरं करायचं. म्हणजे दिवसभरात कोणी काय बदललं, काय भरलं, सगळं पुसून ते कारखान्यातून आलं तसं करून ठेवायचं. आमच्या पहिल्या साहेबांनी ही शिस्त लावली. कारण असं झालं होतं की एका दुकानात कोण्या व्रात्य पोराने माइकमधून वाद्यात ढेकर भरून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंसमोर साहेबांनी मोठ्या झोकात पट्टी दाबली. ढेकर. दुसरी दाबली, वरच्या सुरातला ढेकर. बाई तडक निघून गेल्या. तेव्हापासून साहेबांचं एकच म्हणणं, "आपण हात लावलाच नव्हता असं वाद्य मागे सोडायचं." करायला सोपं आहे. तीन बटणं दाबून धरायची आणि वाद्य चालू करायचं. स्क्रीनवर प्रश्न येतो: खात्री आहे का? 'हो' दाबायचं. वीस सेकंदांत सगळं साफ. सव्वीस वर्षं रोज केलंय. आता माझा मेंदू त्यात भाग घेत नाही, हात परस्पर करून मोकळे होतात.

हे संपादिकेला सांगता येईल. पुढचं सांगता येणार नाही.

पाच महिन्यांपूर्वी एका दुकानात कंपनीचं वाद्य पोचलं ते खोक्यातच मोडून. कार्यक्रम तर जाहीर झालेला. मी म्हटलं, आपल्या घरचं नेऊ, जुनं असलं तरी त्याच जातीचं आहे. नेलं. छान झाला डेमो. दुकानदाराने पाठ थोपटली. गर्दी पांगली, दिवे मालवायला सुरुवात झाली, आणि माझ्या हातांनी तीन बटणं दाबून धरली. खात्री आहे का? हो. वायरी गुंडाळल्या, वाद्य पिशवीत घातलं. गाडीत बसून किल्ली फिरवली तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

त्या वाद्यात हिचा आवाज होता.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा तेव्हा कॉलेजात होता. वाद्यात माइकमधून कुठलाही आवाज भरता येतो आणि मग तो सगळ्या पट्ट्यांवर वाजतो, हे त्याला नवीनच कळलेलं. कुकरची शिट्टी भरून झाली, दाराची कडी भरून झाली, मग त्याने आईला धरलं. ही दातांच्या डॉक्टरकडे स्वागताला बसायची. माइक तोंडापुढे आल्यावर म्हणाली, "दिवसभर लोकांना आ करायला लावते, आज माझी पाळी." आणि तिने आ लावला. चांगला चार सेकंद. काळी चारच्या सुरात, जरासा खाली. गाणारी नव्हती ती, पण आवाज स्वच्छ होता, बोलावल्यासारखा. मुलाने त्या जागेला नाव दिलं 'आ करा'. मी मागाहून तो सूर जागेवर आणला. अधिक चौदा. एका सुरापासून शेजारच्या सुरापर्यंत शंभर बारीक भाग असतात, त्यातले चौदा वर चढवले. तिला मी कौतुकाने सांगायला गेलो, तर म्हणाली, "मी खाली होते तर राहू द्यायचं होतंत. तुम्ही म्हणजे माणसालासुद्धा सुधारून मांडाल."

पुढे नऊ वर्षं आमच्या घरात हिच्या आवाजात काय काय वाजलं. ती ओरडायची, "बास, बंद करा तो मेला आवाज." ती गेल्यावर मी रोज एकदा वाजवायचो. हेडफोन लावून, एकच पट्टी. काळी चार.

दुकानात सगळ्यांना मी शेवटी एक गोष्ट न चुकता सांगतो: घरी गेल्या गेल्या सगळं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, वाद्याचा भरवसा नाही. हजारो लोकांना सांगितलं असेल. माझ्याकडे एकही प्रत नाही. या मूर्खपणाला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि यात अडकलेला आहे तो मुलगा. तो दूर असतो, विमानाने जावं लागतं इतका दूर. चार महिन्यांपूर्वी त्याला मुलगी झाली. त्याच्याकडे याच कंपनीचं वाद्य आहे. नात झाली त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, "बाबा, आईचा तो आवाज पाठवा ना. हिला झोपवताना त्यात वाजवीन." मी म्हणालो, "पाठवतो." मग पेनड्राइव्ह सापडत नव्हता. मग वाद्य दुरुस्तीला गेलं होतं. मग माझं मनगट दुखत होतं. मनगटाचा आणि फाइल पाठवण्याचा काय संबंध, हे त्याने विचारलं नाही. मधे ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस येऊनही गेला. त्या तीन दिवसांत मात्र त्याने आवाजाचं नाव काढलं नाही, आणि मी काढण्याचा प्रश्नच नव्हता. परत गेला आणि पुन्हा दर रविवारी, "बाबा, आईचा आवाज पाठवताय ना?"

त्याला खरं सांगितलं तर काय होईल याची मला भीती वाटत होती. चिडेल याची नाही. आई गेल्यापासून आमच्यात रविवारचा हा फोन एवढंच उरलंय. त्यात आधी हवा, मग तब्येत, मग नात. त्याने फोन करणं थांबवलं तर माझा आठवडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मला कळणार नाही.

घड्याळात अकराला दहा कमी होते. फोन अकराला येतो. मी भराभरा पाचवा, सहावा, सातवा प्रश्न खरडला. आवडता आवाज कोणता, प्रवासाचा कंटाळा येतो का, नव्या मुलांना काय सांगाल. आठवा लिहिला: 'तुमच्या हातून झालेली सर्वात मोठी चूक?' खोडला. मुलाखतीत असल्या प्रश्नाला लोक सांगतात, "मी फार मेहनत करतो, हीच माझी चूक." मलाही तसंच काहीतरी बनवता आलं असतं. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. कागदाला भोक पडलं.

बरोबर अकराला फोन वाजला. हवा झाली. माझं मनगट झालं. सूनबाई बाहेर गेली होती, नात त्याच्या मांडीवर होती, मागे तिचे हुंकार ऐकू येत होते.

"काय करताय?"

"प्रश्न काढतोय. माझी मुलाखत आहे."

"तुमची मुलाखत आणि तुम्हीच प्रश्न काढताय?" तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "किती झाले?"

"सात. आठव्यावर गाडी अडलीय."

"काय आहे आठवा?"

मी कागदाच्या भोकाकडे बघितलं. म्हणालो, "सर्वात मोठी चूक कोणती, असा आहे."

पलीकडून नातीचा हुंकार आला. मग त्याने नेहमीच्याच आवाजात विचारलं, "बाबा, आईचा आवाज पाठवताय ना?"

सव्वीस वर्षं मी लोकांना असे प्रश्न विचारत आलोय. इतक्या मऊ आवाजात, इतक्या सहज, आणि उत्तर खिशात घेऊन. मला तो आवाज ओळखू आला.

"तुला माहीत आहे," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"आलो होतो तेव्हा. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात गेला होतात. मी वाद्य लावलं, 'आ करा' शोधलं. जागा रिकामी होती."

"मग तेव्हाच का नाही बोललास? दोन महिने नुसता विचारतोयस!"

माझा आवाज चढला होता. स्वतःची चूक उघडी पडली की मला दुसऱ्याचा राग येतो, ही तर फार जुनी खोड. ही असती तर मधे पडली असती.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम पुसलंत," तो म्हणाला. "आई गेल्यावर तुम्ही एकदाही रडला नाहीत, निदान माझ्यासमोर. तिचे कपडे देऊन टाकलेत महिन्याच्या आत. मला वाटलं, आवाजही नको झाला असेल. तसं असेल तर तसं सांगा, पण सांगा ना काहीतरी. म्हणून विचारत राहिलो."

"अरे नाही रे," मी म्हणालो. टेबलाची कड धरून बसलो. मग सांगितलं. मोडलेलं वाद्य, दुकान, तीन बटणं. "सवयीने रे. हाताच्या सवयीने. वाद्याने विचारलं होतं खात्री आहे का म्हणून. मी वाचलंच नाही." आणि मी रडलो. अकरा वाजता, लख्ख उन्हात, इस्त्रीच्या कपड्यांसमोर. तीन वर्षांचं एकदम आलं.

त्याने थांबवलं नाही. 'असू दे' वगैरेही म्हणाला नाही, हे फार बरं केलं.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "काहीच नाही उरलं? प्रत, काही?"

"आवाज नाही. डायरी आहे."

मी वाद्यावर जे काही जुळवतो त्याचे आकडे डायरीत लिहून ठेवतो. हीसुद्धा धंद्याचीच सवय. ती डायरी कपाटात वरच होती. बारा वर्षांपूर्वीचं पान काढलं. वर मुलाचं अक्षर, खाली माझं.

"वाचा," तो म्हणाला.

"आकडे आहेत नुसते."

"वाचा ना, बाबा."

मी चष्मा पुसला आणि वाचलं. "जागा एकशे सत्तावीस. नाव, आ करा. पट्टी, काळी चार. आवाज उठायला बावीस. विरायला एकाहत्तर. घुमारा तीस. सूर अधिक चौदा."

"विरायला एकाहत्तर," त्याने म्हणून बघितलं. "पट्टी सोडली तरी थोडी रेंगाळायची ती. आठवतंय." मग म्हणाला, "अधिक चौदा म्हणजे तुम्ही वर चढवलंत. म्हणजे आई चौदा खाली होती."

"हो. म्हणाली होती, राहू द्यायचं होतंत."

"मग राहू द्या. लावा वाद्य. साध्या पियानोचा आवाज घ्या, आणि सगळं चौदा खाली आणा. काळी चार वाजवा. मांडीवर ही ऐकतेय."

मी उठलो. वायरींची पिशवी खुर्चीवरून खाली ठेवली आणि ती खुर्ची वाद्यापुढे ओढली. फोन स्टँडवर ठेवला, त्याचा स्पीकर लावला. हेडफोनची वायर वाद्यातून उपटली. सुराच्या पानावर गेलो आणि एक एक करत खाली आलो. उणे एक, उणे दोन. उणे चौदाला थांबलो. काळी चार दाबली आणि धरून ठेवली.

तिचा आवाज नव्हता तो. तसं मी म्हणणार नाही, आणि मुलगाही म्हणाला नाही. साधा पियानो, किंचित पडलेला. पण ती जिथे उभी होती ती जागा तीच होती. बारा वर्षांपूर्वी मी तिला तिथून हलवलं होतं, आता तिथे परत आलो होतो, उशिरा, एकटा. पलीकडे नातीचा हुंकार थांबला. ती ऐकत होती की तिला झोप येत होती, कोणास ठाऊक.

"पुन्हा," मुलगा म्हणाला.

पुन्हा वाजवली. मग त्याने त्याच्या वाद्यावर तसंच लावलं, उणे चौदा, आणि तिकडून काळी चार आली. फोनमुळे जरा मागे पडत होती. आम्ही काही वेळ तेवढंच केलं. इथून एक, तिथून एक. मग तिकडे दाराची घंटा वाजली, सूनबाई आली, आणि "पुढच्या रविवारी" म्हणून त्याने फोन ठेवला.

घर एकदम शांत झालं. खालून बाईंची हाक आली, "काका, आज वाजवताय होय? सुपारी नाही?" मी खिडकीतून "नाही," एवढंच म्हणालो. त्या आणखी काही विचारतील म्हणून थोडा थांबलो. त्यांनी विचारलं नाही, आत त्यांचं दूध उतू जात असावं.

टेबलावर कागद तसाच होता. आठवा प्रश्न भोकाच्या शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिला. नववाही लिहिला: 'वाद्य कोरं करून मागे सोडणं नेहमीच बरोबर असतं का?' दहावा काही सुचला नाही. संपादिकेला म्हणावं, एखादा तूही काढ.

मग वाद्य बंद करायला गेलो. बोटं तीन बटणांकडे निघालीच होती. ती मागे घेतली, आणि साठवायचं बटण दाबलं. स्क्रीनवर प्रश्न आला: खात्री आहे का?

या वेळी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. 'हो' दाबलं. आणि मग सगळे खण उपसत पेनड्राइव्ह शोधायला लागलो.